रेग्युलेटरची विणलेली होज: जबडा खूश, मन साशंक

खारट_वारा (धागाकर्ता)

मंडळी, माझा डायव्हिंगचा रेग्युलेटर (टाकीतली हवा श्वासाजोगी करून देणारं यंत्र) सात वर्षांचा झाला. दर सर्व्हिसिंगला ओ-रिंगा (गळती रोखणाऱ्या रबरी कड्या) आणि सीट (हवेची वाट बंद करणारा छोटा तुकडा) बदलल्या गेल्या, होजा मात्र पहिल्या दिवसापासून त्याच आहेत, काळ्या रबरी. परवा धुताना सेकंड स्टेजची (तोंडात धरायच्या भागाची) होज जरा जास्त वाकवली, तर टोकाच्या धातूच्या टोपीला लागून रबरावर बारीक चिरा दिसल्या. उन्हाळ्यात टाचेला पडतात तशा. हवा गळत नाहीये, पण आता चारही होजा बदलायच्या हे ठरलं.

माझ्या डाइव्हच्या जोडीदारणीकडे विणलेल्या होजा आहेत. तिच्या सेटवर एक डाइव्ह करून पाहिली आणि तिथेच घोळ झाला. माझ्या रबरी होजेचं असं आहे की मान डावीकडे वळवली की ती माउथपीस उजवीकडे ओढते. इतकी वर्षं मी ते दातांनी धरून ठेवतोय हे मला माहीतच नव्हतं. तिच्या होजेला ती ओढच नाही. पन्नास मिनिटांनी वर आलो तेव्हा जबडा जागेवर होता.

म्हणजे घेऊन टाकायच्या. पण ओळखीतल्या दोघांनी 'विणलेल्या घेऊ नकोस' असं सांगितलं. का, ते मात्र धड कोणालाच सांगता येईना. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

शेवाळ

वाचतेय. मलाही हाच प्रश्न पडलाय.

मंदमासा

बिनधास्त घ्या. मी चार वर्षं वापरतोय, सगळ्याच्या सगळ्या विणलेल्या. फायदे सांगतो: हलक्या आहेत, कशाही वळतात आणि बॅगेत जागा खात नाहीत. रबरी होजा गुंडाळून ठेवल्या की चेन उघडताच स्प्रिंगसारख्या उसळून तोंडावर येतात. या पंचा गुंडाळावा तशा गुंडाळतात. शिवाय थंडीत रबर ताठ होतं, ही होत नाही. 'घेऊ नकोस' म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी वापरली आहे, ते विचारा आधी.

कोरडा_पाय

आमच्या बेसिनखाली पण विणलेलीच होज आहे. तीन वर्षांत दोनदा फुटली. समुद्राखाली नको रे बाबा.

मंदमासा

@कोरडा_पाय, बेसिनखालची असते स्टीलच्या तारेची. ही नायलॉनच्या धाग्याची. नाव एक, जात वेगळी.

चौदाचा_पाना

रेग्युलेटर दुरुस्तीच्या टेबलावर बरीच वर्षं गेली आहेत, त्यामुळे जरा लांबण लावतो.

आधी दोन्हींची रचना. रबरी होजेत आत रबराची नळी, तिच्यावर धाग्याचं वेष्टण (दाब खरं तर हेच पेलतं) आणि बाहेर पुन्हा रबराचं जाड कातडं. विणलेल्या होजेत आत पातळ पॉलियुरेथेनची नळी, तिच्यावर पॉलिएस्टरच्या धाग्याचं वेष्टण आणि सगळ्यांत बाहेर नायलॉनची वीण, जी तुम्हाला दिसते. नरमपणा येतो तो जाड कातडं काढून टाकल्यामुळे. तेव्हा मंदमासा म्हणतात ते सगळे फायदे खरे आहेत, त्यात वाद नाही.

आता दुसरी बाजू. मागे एक सेकंड स्टेज माझ्याकडे आली. तक्रार एवढीच की माउथपीसमधून हलकीशी हवा येत राहते. सीट बदलली, सेट केली, दिली. दोन महिन्यांत तीच तक्रार घेऊन परत. पुन्हा सीट काढली तर तिच्यावर नखाने ओरखडल्यासारखे डाग होते. काहीतरी कण येऊन बसत होते. फर्स्ट स्टेज (टाकीवर बसणारा, दाब उतरवणारा भाग) उघडली तर ती स्वच्छ. मग होज काढली आणि पांढऱ्या कागदावर टोक धरून टिचकी मारली. कागदावर पिवळट पूड पडली. बारीक, चमकणारी, कागद हलवला की घरंगळणारी.

मालकाची परवानगी घेऊन होज उभी चिरली. आतली नळी, जी खरं तर लवचिक असायला हवी, ती आटलेल्या तळ्यातल्या चिखलासारखी तडकली होती. चिमटीत धरून दाबली तर मोडली. मोडली म्हणतोय, वाकली नाही. आणि बाहेरची वीण? नव्यासारखी. ती होज बाहेरून दाखवून कुणी विचारलं असतं, तर मीच 'अजून दोन वर्षं काढेल' म्हणालो असतो.

हा काही माझ्या एकट्याचा अनुभव नाही. डायव्हर्स अलर्ट नेटवर्कने, म्हणजे डॅनने, यावर लिहिलेलं आहे. पॉलियुरेथेनचे ढोबळ दोन प्रकार, पॉलिएस्टर जातीचं आणि पॉलिइथर जातीचं. पॉलिएस्टर जातीच्या रेणूंमधले एस्टर बंध पाण्याने तुटतात, उष्णतेत जास्त वेगाने. याला जलविघटन म्हणतात. त्यातून निघालेला माल स्फटिक होऊन नळीच्या आतच बसतो. थोडा असेल तर सीट खराब करतो, जास्त झाला तर वाटच अडवतो. पॉलिइथर जातीचं पाण्याला बरंच दाद देत नाही. म्हणून घेताना वीण कोणत्या रंगाची हे सगळे विचारतात, त्याऐवजी आतली नळी कशाची ते विचारा.

शेवाळ

पण आत पाणी जाईलच कसं? आत तर टाकीतली कोरडी हवा असते.

चौदाचा_पाना

@शेवाळ ताई, आपणच घालतो. डाइव्ह संपली, रेग्युलेटर टाकीवरून काढला, गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवला. आता होजेत दाब नाही. अशा वेळी 'आतून नीट धुऊ या' म्हणून पर्जचं (सेकंड स्टेजवरचं, हवा मोकळी सोडणारं) बटण दाबलं की आतला लिव्हर खाली जातो, सीट उचलते आणि बादलीतलं पाणी थेट होजेत शिरतं. ते आपोआप बाहेर येत नाही. मग तो सेट बंद बॅगेत, बॅग गाडीच्या डिकीत, डिकी उन्हात. पाणी अधिक उष्णता, मी वर लिहिलं तेच. आणि नुसत्या दमट हवेलाही हे काम जमतं, फक्त वेळ जास्त लागतो.

धुताना रेग्युलेटर टाकीवर ठेवून, वॉल्व्ह उघडा ठेवून धुवा. नाहीतर पर्जला हात लावू नका.

मंदमासा

पूर्ण सहमत नाही. रबरी होज आतून खराब होतच नाही असं आहे का? मी आतून पापुद्रे सुटलेली रबरी होज पाहिली आहे.

चौदाचा_पाना

होते की. पण रबराला ऊन आणि हवेतला ओझोन बाहेरून खातो, त्यामुळे बहुतेक वेळा ती आधी बाहेरूनच रडायला लागते. चिरा पडतात, ताठ होते, टोपीपाशी फुगते. धागाकर्त्याला धुताना दिसलं ना? विणलेली रडत नाही, हसतमुखाने जाते. माझा आक्षेप एवढाच.

खारट_वारा

बापरे. म्हणजे ते दोघे बरोबर होते, कारण माहीत नसूनही.

एक मधला मार्ग सुचतो. मुख्य सेकंड स्टेजला रबरी ठेवतो आणि ऑक्टोपसला (जोडीदारासाठी ठेवलेल्या जादा सेकंड स्टेजला) विणलेली लावतो. ऑक्टोपस तसाही फारसा वापरला जात नाही, तिथे गडबड झाली तर कमी धोका. कसं वाटतं?

मंदमासा

+१

नीलकुंड

थांबा, थांबा. −१, आणि ठळक अक्षरांत.

मी शिकवते, म्हणून हे वाचून राहवलं नाही. ऑक्टोपस वापरला जात नाही, म्हणूनच तिथे ही होज नको. नीट विचार करा. मुख्य सेकंड स्टेज तुमच्या तोंडात असते. आत पूड साठायला लागली, श्वास जड यायला लागला, तर ते तुम्हाला हळूहळू कळतं. आज जरा ओढावं लागतंय, काल इतकं नव्हतं. ऑक्टोपस मात्र छातीवर लटकलेला. त्याच्यातून कुणी पहिल्यांदा जोर लावून श्वास घेतं ते कधी? जोडीदाराची हवा संपते तेव्हा. तो घाबरलेला असतो, धापा टाकत असतो, त्याला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त हवा हवी असते. अडलेल्या होजेची ओळख करून घ्यायला यापेक्षा वाईट मुहूर्त नाही.

आणि डाइव्हच्या आधी आपण काय तपासतो? पर्ज दाबतो, फुस्स झालं, ठीक आहे. गणित करा. होजेचं आतलं भोक 6 मिमी धरा, लांबी 1 मीटर. आत साधारण 28 मिली जागा. तीत सुमारे 10 बार दाबाची हवा, म्हणजे पाव लिटरच्या आसपास. वाट जवळजवळ बंद असली तरी ही साठलेली हवा एक छान फुस्स देऊन जाते. माझे विद्यार्थी ऑक्टोपसमधून सलग चार-पाच खोल श्वास घेतात, जोर लावून. पहिला साठ्यातला असतो. आपल्याला तिसरा-चौथा कसा येतो ते बघायचं असतं.

विणलेली लावायचीच असेल तर जिच्यातून रोज श्वास घेता तिथे लावा. फायदाही तिथेच आहे. लटकणाऱ्या ऑक्टोपसचा जबडा दुखत नाही.

खारट_वारा

हे उलटं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. धन्यवाद, नीलकुंड ताई.

कोरडा_पाय

लटकणाऱ्या ऑक्टोपसचा जबडा. :)

शेवाळ

एक बाळबोध शंका. जितकं खोल जाऊ तितका होजेवर ताण वाढत असणार ना? मग फुटायची भीती खोलवरच जास्त?

चौदाचा_पाना

बाळबोध नाही, चांगले चांगले चुकतात. फर्स्ट स्टेज होजेला ठरावीक दाब देत नाही. भोवतीच्या पाण्याच्या दाबापेक्षा साधारण 9 ते 10 बार जास्त देते. 30 मीटरवर पाणी-हवा मिळून 4 बार असतात, तेव्हा होजेत 13-14 बार असेल, पण बाहेरूनही 4 बार दाबत असतात. नळीच्या भिंतीला जाणवणारा फरक तेवढाच राहतो. होज फुटायची असेल तर बोटीवरही फुटेल. फरक एवढाच की 30 मीटरवर तुम्ही प्रत्येक श्वासाला पृष्ठभागापेक्षा चौपट हवा ओढता, म्हणून अर्धवट अडलेली होज वर ठीक वाटते आणि खाली दगा देते.

आणि लो प्रेशरची (श्वासाची, कमी दाबाची) होज खरंच फाटली तर भरलेली टाकी दोन-तीन मिनिटांत रिकामी होऊ शकते. टाकीतला दाब दाखवणाऱ्या गेजची हाय प्रेशर होज फाटली तर आवाज भयंकर होतो, पण तिच्या वाटेत मुद्दाम सुईच्या टोकाएवढं भोक ठेवलेलं असतं, त्यामुळे वर यायला भरपूर वेळ मिळतो. लोकांना भीती नेमकी उलटी वाटते.

मंदमासा

गेजच्या होजेवरून आठवलं. माझ्या हाय प्रेशरच्या विणलेल्या होजेतून पाण्याखाली बारीक बुडबुडे येतात, पूर्ण लांबीवर, दवबिंदूंसारखे. विकणारा म्हणाला नॉर्मल आहे. आहे का?

चौदाचा_पाना

पूर्ण लांबीवर सारखे, बारीक, चिकटून बसलेले आणि पुसले की हळूहळू परत येणारे असतील तर हो. दाबाखालची हवा नळीच्या भिंतीतून झिरपतेच. रबरी होजेच्याही बाहेरच्या कातड्याला मुद्दाम सुईने टोचलेली भोकं असतात. नाहीतर झिरपलेली हवा कातड्याखाली साठून फोड येतील. पण बुडबुड्यांची माळ एकाच जागेवरून सुटत असेल, किंवा टोपीच्या काठावरून येत असेल, तर त्या दिवशी डाइव्ह नाही. त्यात तडजोड नको.

तसं बघितलं तर गेजच्या होजेला विणलेली कशाला, हा मला न सुटलेला प्रश्न आहे. ती तोंडाला ओढत नाही. रबरी लावा, स्वस्थ राहा.

तळघर

लांब होज वापरणाऱ्यांसाठी. (गुहांमध्ये आणि मोडक्या जहाजांत जाणारे 2.1 मीटरची होज वापरतात: टाकीवरून खाली, छातीवरून तिरकी वर आणि मानेमागून तोंडात. जोडीदाराला हवा द्यायची तर तोंडातलीच काढून द्यायची.) मी दोन्ही प्रकार वापरून पुन्हा रबरीवर आलो. विणलेली लांब होज हलकी, त्यामुळे छातीवर पडून राहत नाही, फुगवटा धरते आणि मानेजवळ तरंगते. अरुंद जागेत हा फुगवटाच कुठेतरी अडकतो. रबरीला स्वतःचं वजन आणि ताठपणा असतो. ती ठेवली तिथे राहते आणि देताना एका झटक्यात सुटते. गळ्यातल्या बॅकअपची 56 सेंमीची होज मात्र विणलेली आवडली होती. पण नीलकुंड यांचा मुद्दा वाचून आता तीही बदलावीशी वाटतेय. बॅकअप म्हणजे न वापरलेलीच की.

अजून एक. खडकावर घासली की वीण पिंजते. पिंजलेल्या धाग्यात वाळू बसते आणि वाळू आत कापत राहते. मीठ वाळलं की दोरी कडक होते तशी ही पण होते. हिला नुसती विसळून चालत नाही, तासभर भिजत ठेवावी लागते.

शेवाळ

मग जबड्याच्या ओढीसाठी फिरता कोपरा लावला तर? रबरी होज आणि सेकंड स्टेजच्या मध्ये?

नीलकुंड

चालतो. बरेच जण लावतात आणि ओढ खरंच कमी होते. पण प्रत्येक फिरता सांधा म्हणजे आणखी ओ-रिंग, आणखी एक गळायची जागा, सर्व्हिसिंगला आणखी एक डोकेदुखी. मी त्याआधी होजेची लांबी तपासायला सांगते. निम्म्या लोकांची ओढ होज आखूड असल्यामुळे किंवा फर्स्ट स्टेजच्या चुकीच्या पोर्टला लावल्यामुळे असते. पोर्ट बदलून बघा, फुकट आहे.

तळघर

अवांतर: होजेच्या टोकांवर जे प्लास्टिकचे मोजे घालतात ते काढून टाका. त्यांच्या आत मीठ साठतं, टोपी सडते आणि चिरा झाकल्या जातात. रबरी होजेचा एकमेव सद्गुण म्हणजे ती दाखवते, आणि आपण तिलाच मोजा घालतो.

मंदमासा

ठीक, माझं मत थोडं बदललं. घेऊ नका म्हणणार नाही, पण किती दिवस वापरायची?

चौदाचा_पाना

तिच्यासोबत आलेला कागद वाचा. पाच वर्षं किंवा 500 डाइव्ह, जे आधी होईल ते, असं सहसा असतं. पण वर्षं मोजायची ती टोपीवर कोरलेल्या उत्पादनाच्या तारखेपासून, तुम्ही विकत घेतल्यापासून नव्हे. कपाटात पडून राहिलेली होजही म्हातारी होते. गरम, दमट हवेत राहत असाल तर मी चौथ्या वर्षी बदलतो. आणि दर सर्व्हिसिंगला होज काढून पांढऱ्या कागदावर टिचकी. पूड दिसली की सरळ कात्रीने दोन तुकडे करायचे, नाहीतर कुणीतरी 'चांगली दिसतेय' म्हणून उचलून लावतं.

मंदमासा, तुमच्या चार वर्षांच्या आहेत ना? काढा एक आणि टिचकी मारा.

मंदमासा

मारली. दोन स्वच्छ. ऑक्टोपसच्या होजेतून चिमूटभर पिवळं पडलं.

नीलकुंड

ऑक्टोपसच्याच.

मंदमासा

हो. बोलू नका काही.

खारट_वारा

मंडळी, आठवड्याने परत आलोय. निर्णय असा: मुख्य सेकंड स्टेजला विणलेली, आतली नळी पॉलिइथर जातीची असल्याची खात्री करून. तारीख यावर्षीची आहे, आणि टोपीशेजारी चिकटपट्टीवर बदलायचं वर्ष लिहिलंय. ऑक्टोपस, इन्फ्लेटर (जाकीट फुगवणारा) आणि गेज तिन्ही रबरी. जुनी चिरा पडलेली होज फेकण्याआधी ब्लेडने उभी चिरून पाहिली. बाहेरून भेगाळलेली, आतून मात्र काळी गुळगुळीत. दाबली तर वाकली.

होजा स्वतःच बसवल्या. पाना घेतला, जुन्या सोडवल्या, ओ-रिंगा बघितल्या, नव्या हाताने फिरवून शेवटी पान्याने हलकेच आवळल्या. अर्ध्या तासाचं काम. उगाच घाबरत होतो.

चौदाचा_पाना

छान. सेकंड स्टेजकडची होज सोडवताना दुसरा पाना इनलेटच्या नटावर धरला होतात ना?

खारट_वारा

दुसरा पाना? का?

चौदाचा_पाना

कारण बऱ्याच मॉडेल्समध्ये होजेबरोबर इनलेटही फिरतो, आणि तो फिरला की आतल्या सीटची जुळणी हलते. श्वास जड तरी होतो, नाहीतर हवा सुटायला लागते.

खारट_वारा

तरीच. टाकीला लावल्यापासून कोपऱ्यात बसून सुस्कारे टाकतंय.